साडेनवानंतर काय?

आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत सात मिनिटांवर. गेल्या बारा वर्षांत पाहुण्यांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न वाय-फायच्या पासवर्डचा. दुसरा, सोलकढीला हा रंग कसा येतो. आणि तिसरा रात्री साडेनवाच्या सुमाराला, मी ताटं उचलत असताना हमखास येतो: "काकू, आता इथे काय असतं?"

सुरुवातीला मी खरं ते सांगायचे. काही नसतं, झोपा. सासूबाई तर माजघरातूनच निकाल द्यायच्या, "हंय काय आसतला? निजा गपचूप." पाहुणे हसायचे, खोलीत जायचे आणि अर्ध्या तासानं फाटकाची कडी वाजायची. गाडी कुठे निघाली हे विचारायची गरज नव्हती. सकाळी पुळणीवर चालायला गेलं की उत्तर तिथेच पडलेलं असायचं. क्वार्टरच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, सुरूच्या बनात अर्धवट जळलेले ओंडके. दर मोसमात एखादी गाडी वाळूत रुतलेली सापडतेच. भरती चढत असते, ट्रॅक्टरवाला भाव सांगत असतो आणि रात्रीची अजून न उतरलेला मालक त्याच्याशी घासाघीस करत असतो.

"कोकणाचा गोवा होऊ देणार नाही" हे वाक्य आमच्याकडे कुठल्याही व्यासपीठावर चालतं, पक्ष कोणताही असो. मीही त्याला टाळी दिली आहे. पण या वाक्याच्या आडोशाला आपण एक सोय करून घेतली: रात्रीचा विषयच काढायचा नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर स्कूबा आलं, पॅरासेलिंग आलं, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. हे सगळं दिवसाचं. संध्याकाळी सातनंतर पाहुण्यानं काय करावं आणि गावातल्या पोरांनी कुठे बसावं, यावर कोणी चार ओळी लिहिलेल्या मला तरी दिसल्या नाहीत. विषय काढला नाही म्हणून रात्र काही थांबत नाही. ती पुळणीवर जाते, काचा वर केलेल्या गाडीत जाते आणि शनिवारी बांद्याच्या पलीकडे, गोव्यात जाते.

माझं म्हणणं असं, की रात्रीला उजेडातली, परवान्याची, बाईमाणसाला बिनदिक्कत बसता येईल अशी जागा द्यायला हवी. नाही दिली तर ती अंधारात जागा शोधते, आणि तिथे तिला विचारणारं कोणी नसतं. त्या जागेत काय सादर करायचं, यासाठी तर आपल्याला कोणाच्या दारात उसनं मागायला जायची गरजच नाही.

आधी जागेचं बोलू. मी आयुष्यात दोनदाच परमिट रूममध्ये गेले. पहिल्यांदा प्लंबरला शोधायला. पाण्याची टाकी वाहत होती, बारा पाहुणे घरात होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. काळ्या काचेचं दार ढकललं तर आत एसीची ओलसर हवा, फिनेलचा वास, आवाज बंद करून लावलेलं क्रिकेट, स्टीलच्या वाटीत शेंगदाणे आणि कापलेली काकडी. सहा टेबलांवर सहा पुरुष, प्रत्येक जण एकटा, प्रत्येकाचं तोंड भिंतीकडे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून गाभाऱ्यात शिरले आहे. प्लंबर तिथे होता. तो इतका ओशाळला, की त्यानं टाकीचे पैसेही घेतले नाहीत.

दुसऱ्यांदा गेले ती पुण्याच्या तीन शिक्षिका आमच्याकडे उतरल्या होत्या तेव्हा. पन्नाशीच्या पुढच्या, पोरांची लग्नं उरकून आलेल्या. त्यांना तळलेल्या सुरमईबरोबर एकेक ग्लास थंड बिअर हवी होती, बस. वेटर बिचारा चांगला मुलगा, म्हणाला, "ताई, फॅमिली मागे." मागे म्हणजे भटारखान्याला लागून एक खोली, तिला तपकिरी पडदा, पंखा खडखडणारा, कोपऱ्यात सोड्याचे क्रेट. एकीनं विचारलं, "पुढे बसलो तर काय होईल?" वेटर खरंच विचारात पडला. काही होणार नव्हतं. पण कधी कोणी बसलं नव्हतं.

गंमत अशी, की या पडद्याला कायद्याचाही आधार आहे. आपल्याकडचा मूळ कायदा दारूबंदीचा, १९४९ सालचा. त्याच्या लेखी महाराष्ट्रात पिणं हा अपवाद आहे आणि त्या अपवादासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आजन्म हवा असेल तर १,००० रुपयांचा. म्हणून ती परमिट रूम. बिअरला वय २१ पूर्ण हवं, कडक मद्याला २५. मतदान करायला, ट्रॉलरवर चढून खोल समुद्रात जायला यापेक्षा कमी वय चालतं. आणि बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोव्यात हेच वय १८. आमची पोरं हिशेबात कच्ची नाहीत. शनिवारी संध्याकाळी ती मोटारसायकलवर तिकडे जातात आणि रात्री दोनला महामार्गावरून परत येतात. त्यातली सगळीच परत येत नाहीत, हे या भागातल्या कोणत्याही वाडीला विचारावं. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं तर गाडी चालवणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तुरुंगही आहे. पण दंडाची भीती घालून पोर घरी बसत नाही. घराजवळ बसायला काही असलं तरच बसतं.

त्यात कराची उलटी गंगा. परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या पेगवर राज्य सरकार व्हॅट लावतं. तो गेल्या काही वर्षांत ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला. वाइन शॉपमधून बाटली विकत घेतली तर हा जादा बोजा नाही. २०२५ साली उत्पादन शुल्क वाढलं, परवाना शुल्क वाढलं, आणि त्या वर्षी १४ जुलैला राज्यभरच्या परमिट रूमवाल्यांनी एक दिवस धंदा बंद ठेवला. बारवाल्यांसाठी डोळे ओले करण्याइतकी मी भाबडी नाही. पण सरकारनं चालवलेला हिशेब बघा. चार भिंतींत, मालकाच्या देखरेखीत, ठरलेल्या वेळेला उठवलं जाणारं पिणं महाग. आणि बाटली काखेत मारून पुळणीवर अमर्याद पिणं स्वस्त. पाहुणा कुठे जाईल?

शॅकची, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानपानाच्या झोपडीची, तीच कथा. २०२० मध्ये राज्य सरकारनं आठ किनाऱ्यांसाठी शॅकचं धोरण मंजूर केलं. बोर्डी, केळवे, वर्सोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि आमचं तारकर्ली. स्थानिकांना ८० टक्के राखीव, हे उत्तम. वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास बुडतो. म्हणजे ज्या घटकेला माणूस खुर्ची ओढून बसणार, त्याच घटकेला शॅकवाल्यानं खुर्ची उचलायची. हे धोरण ज्यानं लिहिलं तो दुपारच्या जेवणानंतर मुंबईला परत गेला असावा.

आता त्या जागेत काय लावायचं ते. "लाइव्ह" म्हटलं की आपल्याकडे भुवई चढते आणि त्याला कारण आहे. ऑर्केस्ट्रा हा शब्द एकेकाळी गणपतीच्या मांडवातला, शाळेच्या मैदानावरचा होता. पुढे तो पनवेलच्या आसपासच्या बारच्या पाटीवर गेला आणि तिथे त्याचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २००५ ची डान्सबार बंदी, मग कोर्टकचेऱ्या, २०१६ चा नवा कायदा, २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पंधरा वर्षं आपण या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलो, की बाईनं नाचावं का आणि तिच्यावर नोटा उधळाव्यात का. या गदारोळात जिवंत करमणूक म्हणजे तेवढंच, असा समज पक्का झाला. गावात पाहुण्यासमोर कोणी गातंय म्हटलं की चौकीत फोन जातो.

आणि त्याच वेळी, त्याच रात्री, चार किलोमीटरवरच्या देवळात पहाटेपर्यंत माणूस जागा असतो.

माझे मामा दशावतारात, म्हणजे आमच्या जत्रांतल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट करायचे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ते घरी दिसत नसत, आणि पाऊस पडला की शेतात दिसत. आम्ही पोरं त्यांच्याबरोबर जत्रेला जायचो ते नाटकासाठी कमी आणि नाटकाच्या आधीच्या दोन तासांसाठी जास्त. देवळाच्या मागच्या पडवीत एक उघडा बल्ब, पेटाऱ्याला टेकवलेला आरसा, त्यासमोर मामा उकिडवे. तोंडाला सफेदा लावून झाला की भुवया. भुवई काढताना ते श्वास रोखून धरायचे आणि तेवढ्यात कोणी बोललं तर डोळ्यांनीच गप्प करायचे. मग नऊवारी. निऱ्या घालताना ते मामा असायचे, पदर खांद्यावर आला की उठून उभं राहायचं ते कोणी वेगळंच. चालणं बदलायचं, मान बदलायची. एकदा त्या वेषातच त्यांनी मला विचारलं, "जेवलंस काय गे?" तर मी आईच्या मागे लपले होते.

दशावताराला नेपथ्य नसतं. एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच कैलास, तोच रथ. एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग वेद पळवणारा काळाकुट्ट संकासुर, जो थेट मालवणीत बोलतो आणि समोर बसलेल्या सरपंचालाही सोडत नाही. ते झालं की आख्यान. लिहिलेले संवाद नाहीत. कथानक रंगपटात ठरतं आणि बाकीचं माणसं उभ्या उभ्या बोलतात, पुराण तोंडपाठ असल्याच्या जोरावर. रात्र सरत येते, काला होतो, म्हणून त्याला आम्ही धयकालोच म्हणतो. मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर, वालावलकर ही नाटक मंडळांची नावं इथल्या माणसाला नातेवाइकांसारखी माहीत असतात. सुधीर कलिंगणांना लोकांनी लोकराजा म्हटलं ते उगाच नाही. त्यांचं नाव बोर्डावर असलं की दोन गावं जास्तीची यायची. आणि या राजांबद्दल इथे जी म्हण आहे, तीही सगळ्यांना पाठ आहे: रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा.

मी नेलेल्या पाहुण्यांपैकी एकही कंटाळून उठलेला मला आठवत नाही. मालवणी कळत नसूनसुद्धा. एका जत्रेत ठाण्याहून आलेली मुलगी दीड वाजेपर्यंत चटईवर बसली होती. तिच्या नवऱ्याला संकासुरानं हेरलं आणि "मुंबयचो आसा, म्हणान मोबायलातच बघता" असं म्हणून भर सभेत त्याचा मोबाइल हातातून काढून घेतला. दोनशे माणसं हसली, तो लाजला. परत येताना वाटेत तो म्हणाला, हे कुठे लिहिलेलं का नाही? हॉटेलच्या भिंतीवर, एसटी स्टँडवर, कुठेच नाही. मला बोलता आलं नाही. जत्रेची तारीख गावाला माहीत असते. आंगणेवाडीसारखी मोठी जत्रा असली की पेपरात येते. बाकीच्या शेकडो छोट्या जत्रांचं वेळापत्रक तोंडोतोंडी.

उत्तरेकडे, रत्नागिरी-संगमेश्वर पट्ट्यात, नमन-खेळे आणि जाखडी. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहतात. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं, नाही सुटलं तर रात्रभर चेष्टा. आमच्याकडे भजनाची डबलबारी. दोन बुवा, दोन पखवाज, आणि गजरापासून सुरू झालेलं भजन मध्यरात्री कधी टोमण्यांवर येतं ते कळतही नाही. मुंबईत परळच्या नाट्यगृहात या बाऱ्यांना आणि शक्ती-तुऱ्याला चाकरमान्यांनी वर्षानुवर्षं तिकीट काढून गर्दी केली. तिथे ज्याला तिकीट चालतं त्याला इथे गावात तिकीट लावलं तर विटाळ होतो.

आणि बायकांची रात्र? तीही होती की. चतुर्थीच्या दिवसांत फुगड्या रात्री दोन-दोनपर्यंत चालतात. लेकी-सुना घरातून बाहेर पडतात, या वाडीतून त्या वाडीत जातात, घाम गाळून नाचतात, नवऱ्यांची नावं घेऊन त्यांची यथेच्छ टिंगल करतात, कोणाच्या तरी पडवीत उसळ-पाव आणि चहा होतो. याला कोणी "नाइटलाइफ" म्हणत नाही एवढंच. संस्कृतीच्या नावानं बाईला रात्री घरात बसवणाऱ्यांनी आपलीच संस्कृती एकदा नीट बघावी, असं मला फुगडी घालून धापा टाकताना दरवर्षी वाटतं.

म्हणजे करमणूक आहे, कलावंत आहेत, जागं राहायची सवयही आहे. तुटलंय ते मधलं सांधणं. आणि ते जिथे सांधायचा प्रयत्न होतो तिथे काय होतं, तेही एकदा पाहिलं. आमच्या भागातल्या एका मोठ्या रिसॉर्टनं नववर्षाच्या रात्री दशावताराचं पथक बोलावलं. मामांचे जुने सोबती त्यात होते म्हणून मी गेले. बुफे आणि डीजे यांच्यामध्ये वीस मिनिटं. "फक्त ते काळं राक्षसवालं करा," असं त्यांना सांगण्यात आलं. पखवाजवाल्याला बाजूला बसवलं, कारण डीजेचे बॉक्स तिथे होते. पेटीचा आवाज तंदुरीच्या भट्टीच्या आवाजात गेला. लोकांनी संकासुराबरोबर सेल्फी काढले. कलावंतांना जेवण होतं, पण मागच्या बाजूला, पाहुण्यांचं आटोपल्यावर. ठरलेल्या पैशांपैकी अर्धे रात्री मिळाले, उरलेल्यासाठी फेब्रुवारीपर्यंत फोन करावे लागले. मोठं पात्र करणारे गृहस्थ रंग पुसताना म्हणाले, "जत्रेत पैशे कमी गावतत, पण लोक बसतत." बसणं, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

म्हणून मला वाटतं, कोकणाची उघड्यावरची रात्र सात ते दहा असावी. हे मी घड्याळाचे काटे बघून म्हणते. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. वर्षातले फार तर पंधरा दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ते सणांना पुरतात तेवढेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम मोडून नव्हे, त्यांच्या आत राहून धंदा करता येतो, कारण आमचं गावही लवकर झोपतं. पहाटे होड्या लागतात, रापण ओढायला माणसं निघतात, मासळीचा लिलाव उजाडताना असतो. त्यांच्या डोक्यावर रात्री एक वाजता बेस वाजवणारा माणूस पर्यटक असो की गाववाला, त्याला हाकललाच पाहिजे. आणि दशावतारवाल्यांनी तर ही वेळ कधीच साधली आहे. "ट्रिकसीनयुक्त" नाटकांचे बोर्ड लागतात, हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, संध्याकाळी आठला सुरू होऊन जेवणवेळेला संपणारे प्रयोग होतात. जुन्या जाणत्यांना ते पसंत नाहीत. मलाही धूर सोडणारा नारद फारसा झेपत नाही. पण दोन-अडीच तासांचा प्रयोग करायची सवय मंडळींना आहे, हा मुद्दा राहतोच. जत्रेची रात्र जत्रेपाशीच राहू द्यावी, तिला हात लावू नये.

पिण्याचं काय, तर तिथेही माझं मत सरळ आहे. मासळीच्या चांगल्या खानावळींना, ज्या आमच्याकडे बऱ्याचशा बायकाच चालवतात, बिअर आणि वाइनचा छोटा परवाना सुटसुटीत मिळावा. उजेडात टेबल, भिंतीवर दर, दहाला ताट बंद. आज काय होतं? पाहुणा खानावळीत येण्याआधी गाडीत पिऊन येतो, सोलकढीच्या ग्लासात चोरून ओततो, आणि मालकीण दिसत असून न दिसल्यासारखं करते. त्यात कोणाची प्रतिष्ठा राहते, ते मला सांगा.

आणि बोंडू! एप्रिलमध्ये आमच्या डोंगरावर जो गोड-आंबट वास सुटतो तो कुजणाऱ्या बोंडवांचा असतो. काजूगर काढून घ्यायचा आणि फळ झाडाखाली टाकून द्यायचं. तेरेखोलच्या पलीकडे त्याच झाडाच्या त्याच फळापासून हुर्राक आणि फेणी निघते. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं तिला वारसा पेय ठरवलं. तेरेखोलच्या अलीकडे, आमच्या बाजूला, तीच गोष्ट म्हणजे गावठी, तिच्यावर धाड, रसायन ओतून नष्ट, पेपरात फोटो. २०२२ मध्ये आपल्या राज्य सरकारनं काजूबोंडं आणि मोहाच्या मद्याला देशीऐवजी "विदेशी" मद्याच्या वर्गात घालायचं ठरवलं. वेंगुर्ल्याच्या डोंगरावरचं बोंडू कागदावर विदेशी झालं, चला, तेवढं तरी झालं. पण आमच्या खानावळीच्या टेबलावर ते अजून आलेलं नाही. पाहुणा आजही विचारतो आणि मी आजही गोव्याकडे बोट दाखवते.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप बायकांचा आहे, आणि तो मी हलका करणार नाही. ज्या बाईनं नवऱ्याच्या दारूपायी मंगळसूत्र गहाण टाकलं तिला "उजेडातली बिअर" हे शब्द चेष्टेचे वाटतील. "उभी बाटली, आडवी बाटली" असं मतदान करून ज्या गावांतल्या बायकांनी दुकानं बंद पाडली, त्यांच्या बाजूनंच मी उभी राहीन. माझं एवढंच म्हणणं, की तिचा नवरा उजेडातल्या टेबलावर बसून उद्ध्वस्त झालेला नव्हता. तो झाला काळ्या काचेआड, भिंतीकडे तोंड करून, नाहीतर सुरूच्या बनात. जिथे शेजारच्या टेबलावर मास्तर आणि त्यांची बायको जेवत असतात तिथे माणूस तिसरा पेग मागताना जरा तरी इकडेतिकडे बघतो. आणि मतदानाचा हक्क कोणी काढून घेत नाहीये. खानावळीनं धिंगाणा केला तर तिचीही बाटली आडवी करावी, मी पहिलं मत देईन.

दुसरा आक्षेप गोव्याचाच. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या एका नाइट क्लबला आग लागून २५ माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक तिथे राबणारी होती. हे उदाहरण मला कोणी दाखवलं की मी म्हणते, बरोबर, म्हणूनच. बाहेर पडायच्या वाटा किती, परवानग्या कोणत्या, हे आधीच ठरवायचं असतं. पैसा आल्यावर ठरवायला गेलं तर उशीर झालेला असतो. आपल्याकडे अजून ती गर्दी आलेली नाही, हीच ठरवायची वेळ.

कासवांचं मात्र निमूट मान्य. वेळास, आंजर्ले, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. पिल्लं वाळूतून वर आली की उजळ क्षितिजाकडे धावतात. पुळणीवर आपला बल्ब लागला की समुद्र सोडून बल्बाकडे. म्हणून जागा हवी ती वाळूवर नको. सुरूच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, गावात. पुळण रात्री काळोखीच बरी.

गेल्या मे महिन्यात मी ग्रामसभेला एक अर्ज दिला. देवळाच्या मागचं मैदान, त्यावर साधा मंच, दोन संडास, नोव्हेंबर ते मे दर शनिवारी सात ते दहा. एक शनिवार दशावतार, एक डबलबारी, एक जाखडी, एक गावातल्या पोरांच्या वाद्यवृंदाला. तिकीट लावायचं आणि कलावंतांचे पैसे प्रयोगाआधी द्यायचे. मैदानात दारू नाही. जत्रांच्या तारखांचा एक फळा एसटी स्टँडवर. अर्ज वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एक आवाज आला, "काकी, बियर गावतली?" सगळे हसले. मग एक वयस्कर गृहस्थ उठले, ज्यांच्या घरात तीन पिढ्या दशावतार आहे. "देवाच्या खेळाक तिकीट?" एवढंच म्हणाले आणि बसले. त्यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. ग्रामसेवकांनी डोकी मोजली, कोरम नव्हता, सभा तहकूब.

तहकूब सभेला कोरम लागत नाही. पुढच्या वेळी आम्ही मोजून अकरा माणसं होतो. अर्जातलं मैदान आणि फळा मंजूर झाला, संडासांसाठी निधी बघू असं ठरलं, तिकिटाचं वर्षभरानं बघू. चहा घेताना ते वयस्कर गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बशीतला चहा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "पैली नाईट खयच्या कंपनीक?"